स्पायरोनोलॅक्टोन आणि त्याची भावंडं: बीपीच्या चौथ्या गोळीचा धागा

नेफ्रॉन

तीन गोळ्या चालू आहेत, तिन्ही पूर्ण डोसात, त्यातली एक लघवी वाढवणारी, आणि तरीही घरच्या मशीनवर वरचा आकडा १५०च्या खाली उतरत नाही. गोळ्या खरंच रोज घेतल्या जातात आणि पट्टा दंडाला बरोबर बसतो, एवढी खात्री केली तर याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. चौथी गोळी म्हणून इथे पहिलं नाव येतं ते स्पायरोनोलॅक्टोनचं. गोळी साठ वर्षांहून जुनी आहे. मात्र ती नेमकं काय करते याचा गोंधळ बऱ्याच ठिकाणी दिसतो, म्हणून हा धागा.

आधीच्या तीन गोळ्या बहुधा या असतात. अम्लोडिपिन पेशीच्या पापुद्र्यातल्या कॅल्शियमच्या वाटा अडवतं. टेल्मिसार्टन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेला अँजिओटेन्सिनचा (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हार्मोनचा) रिसेप्टर, म्हणजे हार्मोन चिकटायची जागा, अडवतं. क्लोरथॅलिडोन मूत्रनलिकेतली सोडियम-क्लोराइडची ने-आण अडवतं. ही सगळी कामं पेशीच्या कुंपणावरची. स्पायरोनोलॅक्टोन कुंपण ओलांडून आत जातं. तिथे मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (पुढे नुसतं एमआर) नावाचं प्रथिन सोबत्या प्रथिनांना धरून बसलेलं असतं. अल्डोस्टेरोन (किडनीवरच्या ॲड्रीनल ग्रंथीचं मीठ राखणारं हार्मोन) येऊन चिकटलं की ते सोबत्यांना सोडतं, केंद्रकात शिरतं, डीएनएच्या ठरावीक जागी बसतं आणि जनुकं चालू करतं. माणसात असे न्यूक्लिअर रिसेप्टर ४८ आहेत. थायरॉइड, इस्ट्रोजेन, ड जीवनसत्त्व, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), सगळ्यांचे आपापले.

चालू होणाऱ्या जनुकांतलं आपल्या कामाचं एसजीके१. मूत्रनलिकेच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींवर सोडियम आत घेणारी दारं असतात, त्यांना ईनॅक म्हणतात. ही दारं काढून मोडीत घालणारं नेड४-२ नावाचं एक प्रथिन आहे, एसजीके१ त्याचे हात बांधतं. दारं निघत नाहीत, सोडियम आत येत राहतो, मागोमाग पाणी, आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत जातं.

शेवटच्या टप्प्याचं एवढं कौतुक कशाला? दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यात मीठ असतं दीड किलोच्या आसपास. त्यातलं जवळजवळ सगळं आधीच परत घेतलेलं असतं. या टोकाला उरतात दोन ते पाच टक्के, पण आज शरीरात मीठ साचणार की बाहेर जाणार याचा निकाल तेवढ्यावर लागतो.

पुरावा: २०१५ साली ब्रिटनमधला पाथवे-२ अभ्यास. तीन औषधांवर असलेल्या रुग्णांना आळीपाळीने बारा-बारा आठवडे स्पायरोनोलॅक्टोन (२५ ते ५० मिग्रॅ), बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि नुसती खोटी गोळी दिली. घरी मोजलेला वरचा आकडा खोट्या गोळीपेक्षा स्पायरोनोलॅक्टोनवर ८.७ने खाली आला. डॉक्साझोसिनपेक्षा ४ने, बिसोप्रोलॉलपेक्षा साडेचारने जास्त. रक्तातलं रेनिन (मीठ-पाणी कमी पडलं की किडनी सोडते ते एन्झाइम) जितकं कमी तितका गुण जास्त, कारण कमी रेनिन म्हणजे शरीरात मीठ-पाणी साचलेलं.

औषध सुरू-बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. इथे चर्चा यंत्रणेची आणि चुकांची.

---

गोळीवाली

धागा छान. काउंटरच्या अलीकडून काही भर.

स्पायरोनोलॅक्टोन जेवणासोबत घ्यावं. पोटात अन्न असलं की रक्तात जाणारं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज एकाच पद्धतीने घ्यावं. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवून, असं केलं तर डोसच बदलल्यासारखं होतं. वेळ सकाळची बरी, रात्री उठावं लागत नाही.

मूळ रेणू रक्तात तास-दीड तासात निम्मा होतो, पण त्यापासून यकृतात तयार होणारं कॅनरेनोन सोळा-सतरा तास टिकतं, आणि बरंचसं काम असे यकृतात तयार झालेले घटकच करतात. म्हणून गोळी दिवसातून एकदा पुरते. आणि गुण दिसायला आठवडे लागतात. दारं मोजकी झाली तरी साचलेलं मीठ-पाणी हळूहळू निघतं. पाथवे-२मध्येही २५वरून ५०वर नेण्याआधी सहा आठवडे थांबले होते. चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून डोस दुप्पट करणं ही नेहमीची चूक.

दुसरी चूक तयार जोडगोळीची. टोर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइडसोबतच्या गोळीत स्पायरोनोलॅक्टोन बहुधा ५० मिग्रॅ असतं. ती गोळी सूज आणि हृदयाच्या रुग्णांसाठी आहे. नुसत्या बीपीला सुरुवात २५ने, वय जास्त किंवा किडनी थोडी मंद असेल तर साडेबाराने. जोडगोळीची अर्धी तोडून घेतली तर सोबतचं दुसरं औषधही अर्धं होतं, हे लक्षात राहत नाही.

---

आकडेमोड

@नेफ्रॉन, तुम्ही गुणाचा आकडा दिलात, किमतीचाही द्या. पाथवे-२मध्ये स्पायरोनोलॅक्टोन घेतलेल्या २८५ जणांपैकी सहा जणांचं पोटॅशियम एकेकदा ६च्या वर गेलं होतं. आणि हे निवडून घेतलेले, वारंवार रक्त तपासलेले रुग्ण.

निवड आणि तपासणी दोन्ही सुटलं तर काय होतं ते कॅनडातल्या ओंटारिओत दिसलं. १९९९मध्ये रेल्स अभ्यास आला: हृदय कमकुवत झालेल्यांचे मृत्यू स्पायरोनोलॅक्टोनने सुमारे ३० टक्क्यांनी घटले. डॉक्टरांनी धडाक्यात लिहायला सुरुवात केली. तिथे एसीई गटातल्या (रामिप्रिलसारख्या) औषधावर असलेल्या हृदयरुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनचं प्रमाण १९९४मध्ये हजारी ३४ होतं, ते २००१च्या अखेरीस हजारी १४९ झालं. पोटॅशियम वाढून दाखल होणारे हजारी २.४वरून ११वर गेले, त्यातून मृत्यू हजारी ०.३वरून २वर. औषध तेच होतं, फक्त ते अभ्यासाच्या कुंपणाबाहेर पडलं होतं.

---

नेफ्रॉन

@आकडेमोड, बरोबर. आणि हे औषधाचं 'साइड इफेक्ट' नाहीच मुळी. सोडियम आत घेणं आणि पोटॅशियम बाहेर टाकणं ही एकाच रिसेप्टरची दोन कामं. एक अडवलं की दुसरं अडणारच. त्यामुळे नियम ठरलेले आहेत.

सुरू करताना पोटॅशियम साडेचारपर्यंत आणि ईजीएफआर (किडनी किती वेगाने गाळते त्याचा आकडा) ४५ किंवा वर असलं तर बिनधोक. त्याच्या खाली गेलात तर जास्त जपून, कमी डोस, जास्त वेळा तपासणी. सुरू केल्यावर पहिली तपासणी आठवड्याने, दुसरी महिन्याने, मग तीन-तीन महिन्यांनी, आणि डोस वाढवला की पुन्हा पहिल्यापासून. पोटॅशियम ५.५च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६च्या वर गेलं तर बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, ईसीजी. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं, त्यावरून घाबरून बंद करू नये. ३० टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र शोध घ्यावा.

उलटी-जुलाब, कडक ऊन, जेवणखाण बंद अशा दिवसांत गोळी थांबवायची असते, हे सुरुवातीलाच लिहून द्यावं. पाणी कमी झालं की किडनीची गाळणी मंदावते, पोटॅशियम आत अडकतं. विदर्भातल्या मे महिन्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

---

सीरमवाली

पोटॅशियमचा आकडा खरा आहे का, हे आधी बघा. वाढलेल्या रिपोर्टांतले बरेचसे सुईच्या टोकाशी किंवा वाटेत वाढलेले असतात.

लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उडतो. दंडाला पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवला, "मूठ उघडबंद करा" म्हणून सांगितलं, बारीक सुईतून जोर लावून ओढलं, की झालं. मूठ वळवण्याने तर पेशी न फुटताही स्नायूंतून पोटॅशियम सुटतं आणि रिपोर्टवर 'हिमोलायसिस' अशी खूणही येत नाही.

घरून नमुना नेताना होणारी गंमत वेगळीच. बर्फाच्या डब्यात न वेगळं केलेलं रक्त चार-पाच तास फिरलं तर पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप थंडीने मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. नमुना दिसायला अगदी स्वच्छ, आकडा ५.९. पोटॅशियमसाठी रक्त खोलीच्या तापमानाला ठेवावं आणि लवकरात लवकर फिरवून सीरम वेगळं करावं.

तिसरा प्रकार: जांभळ्या बुचाच्या नळीत पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. त्यातलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं. दोन्ही एकदम विचित्र दिसले की नळी तपासा, रुग्ण नंतर. साडेपाचच्या वरचा अनपेक्षित आकडा आला आणि माणूस ठणठणीत असेल, तर पट्टा न आवळता त्याच दिवशी पुन्हा नमुना घ्यावा. पण पुन्हा घ्यायचाच. "लॅबची चूक असेल" म्हणून सोडायचा नाही.

---

खलबत्ता

स्वयंपाकघराचं कोणी बोललंच नाही. बीपी आहे म्हणून घरात 'लो सोडियम' मीठ येतं. त्यातलं सोडियम काढून त्या जागी घालतात पोटॅशियम क्लोराइड. समजा पाव भाग पोटॅशियम क्लोराइड आहे. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यात सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे साधारण ६५० मिग्रॅ पोटॅशियम. एरवी हे मीठ चांगलंच, चीनमधल्या २०२१च्या मोठ्या अभ्यासात त्याने पक्षाघात कमी झाले. पण किडनीच्या गंभीर आजाराच्या आणि पोटॅशियम राखणारी औषधं घेणाऱ्या मंडळींना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तीच मंडळी आपल्या या धाग्याची.

सैंधवाचा इथे काही संबंध नाही. सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. ते बीपीला 'चालतं' हा गैरसमज.

शहाळ्याच्या एका पेल्यात, म्हणजे २०० मिलीत, ५०० मिग्रॅच्या आसपास पोटॅशियम. स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्याने उन्हातून आल्यावर दोन शहाळी रिचवली तर वरच्या हिशेबातल्या लो सोडियम मिठाच्या दिवसाच्या कोट्यापेक्षा जास्त झालं. पालेभाज्या, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. पण आपल्याकडे ते पाणी आमटीत घालायची चांगली सवय आहे, ती इथे उलटते.

---

गोळीवाली

+१. आणि औषधांची यादीही: टेल्मिसार्टन, रामिप्रिल वगैरे (बहुतेकांना चालू असतातच), डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची, आणि सगळ्यात कमी संशय येणारी म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. त्यातलं ट्रायमेथोप्रिम तेच ईनॅकचं दार बंद करतं. वर रिसेप्टर अडवलेला, खाली दारही बंद. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी म्हाताऱ्या माणसाला ही गोळी पाच दिवस दिली आणि स्पायरोनोलॅक्टोन आधीपासून चालू असलं, तर पोटॅशियम तिसऱ्या-चौथ्या दिवशीच वर जाऊ शकतं.

---

रसशाळा

मला ज्येष्ठमधाबद्दल विचारायचंय. खोकल्याला, घशाला, आम्लपित्ताला आपल्याकडे ते सर्रास देतात. बीपीवाल्यांना देऊ नये असं म्हणतात, ते या रिसेप्टरमुळेच ना?

---

नेफ्रॉन

@रसशाळा, हो, आणि एमआर समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

एमआरला अल्डोस्टेरोन आणि कॉर्टिसॉल यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारखेच घट्ट चिकटतात. आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पट जास्त. मग मूत्रनलिकेतला एमआर दिवसरात्र कॉर्टिसॉलनेच चालू का राहत नाही? कारण त्या पेशींच्या दाराशी ११-बीटा-एचएसडी२ नावाचा एन्झाइम बसलेला असतो. येणाऱ्या कॉर्टिसॉलचं तो कॉर्टिसोन करतो आणि कॉर्टिसोन एमआरला चिकटत नाही. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिऱ्हायझिनपासून आतड्यात ग्लायसिऱ्हेटिनिक आम्ल बनतं, ते या राखणदाराला झोपवतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरोनचं सोंग घेतं: बीपी वर, पोटॅशियम खाली, पायाला सूज. रक्त तपासलं तर अल्डोस्टेरोन आणि रेनिन दोन्ही तळाला. डॉक्टर चक्रावतो, कारण चित्र अल्डोस्टेरोन वाढल्याचं आणि अल्डोस्टेरोन तर नाही.

नेदरलँड्समध्ये १९४०च्या दशकात ज्येष्ठमधाने अल्सर बरे करताना सूज येते, हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. हाच एन्झाइम जन्मतःच नसलेली मुलंही असतात, त्यांना लहानपणीच जबर बीपी.

---

आकडेमोड

किती ज्येष्ठमध म्हणजे जास्त? युरोपात दिवसाला १०० मिग्रॅ ग्लायसिऱ्हायझिन ही वरची मर्यादा सुचवलेली आहे. २०२४मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात तरुण निरोगी माणसांना बरोबर तेवढंच दिलं, तर घरच्या मशीनवर वरचा आकडा सरासरी ३ने वाढला. काहींचा बराच जास्त.

आता हिशेब: मुळात ग्लायसिऱ्हायझिनचं प्रमाण खूप बदलतं. ४ टक्के धरलं तर अडीच ग्रॅम चूर्णात १०० मिग्रॅ झालं. अडीच ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा. सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा काढ्यात महिनाभर, आणि वर एखादी खोकल्याची गोळी चघळायला. दोन-चार दिवसांच्या घशाला काही होत नाही, महिन्यांच्या सवयीला होतं. बंद केल्यावरही एन्झाइम जागेवर यायला आठवडे लागू शकतात, तेव्हा बीपी लगेच उतरलं नाही तर "ज्येष्ठमध नव्हतंच कारण" असा निष्कर्ष काढू नये.

---

रसशाळा

समजलं. म्हणजे आमच्याकडच्या रुग्णाच्या कागदावर बीपीच्या गोळ्यांसोबत क्लोरथॅलिडोन दिसलं तर आणखी वाईट, पोटॅशियम दोन्हीकडून खाली. चूर्णांच्या डब्यावर 'यष्टिमधु', 'मुलेठी' असंही लिहिलेलं असतं, ते वाचायला सांगत जाईन.

---

गोळीवाली

याच एन्झाइमला पोसाकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधंही अडवू शकतात. बुरशीचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. नव्याने बीपी आणि पोटॅशियम कमी दिसलं तर ज्येष्ठमधाइतकाच हा प्रश्न विचारावा.

---

वक्ररेषा

विषय न्यूक्लिअर रिसेप्टरचा आहे तर बाकीच्यांचंही बोलू. टेल्मिसार्टन 'पीपीएआर-गॅमा'वरही (साखर आणि चरबीचा हिशेब ठेवणाऱ्या रिसेप्टरवर) चालतं म्हणून ते साखरेलाही चांगलं, असं बऱ्याच जाहिरातवजा लेखांत असतं. खरं काय?

---

नेफ्रॉन

प्रयोगशाळेत खरं. टेल्मिसार्टन त्या रिसेप्टरला अर्धवट चालू करतं, हे २००४मध्ये दाखवलं गेलं. रुग्णांत मात्र २००८च्या ऑनटार्गेट अभ्यासात टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल समोरासमोर होते, नवीन मधुमेह टेल्मिसार्टनवर ७.५ टक्क्यांना आणि रामिप्रिलवर ६.७ टक्क्यांना झाला. म्हणजे फायदा शून्य. टेल्मिसार्टन चांगलं आहे कारण ते २४ तास टिकतं. त्याला पीपीएआरचा मुकुट नको.

पीपीएआर-गॅमा आणि बीपीचा संबंध मात्र आहे. १९९९मध्ये या रिसेप्टरचे दोन बिघाड सापडले, पी४६७एल आणि व्ही२९०एम. ज्यांना ते होते त्यांना तरुणपणीच मधुमेह आणि बीपी. मग वाटलं, रिसेप्टर चालू केला की बीपी उतरेल. पायोग्लिटाझोनने (हा रिसेप्टर चालू करणारं मधुमेहाचं औषध) ते दोन-चारने उतरतंही. पण तेच औषध मूत्रनलिकेच्या शेवटच्या टप्प्यात मीठ राखतं, घोटे सुजतात, हृदय कमकुवत असेल तर धाप लागते. रक्तवाहिनी सैलावते आणि किडनी पाणी धरून ठेवते. बीपीसाठी पायोग्लिटाझोन देणं म्हणजे एका हाताने नळ बंद करून दुसऱ्याने उघडणं. भारतात २०१३च्या जूनमध्ये त्यावर बंदी आली आणि जुलैअखेरीस अटींसह उठली, पण ती मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने. बीपीशी तिचा संबंध नव्हता.

---

आकडेमोड

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. त्याचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत रेनिन वाढतं, बीपी वाढतं, २००२चं काम. त्यावरून "ड दिलं की बीपी उतरेल." २०१५च्या डेलाइट अभ्यासात ड कमी असलेल्या आणि थोडं बीपी वाढलेल्या ५३४ जणांना रोज ४०० किंवा ४००० युनिट सहा महिने दिले. दोन्ही गटांत २४ तासांच्या बीपीत फरक काही नाही. ६०,०००ची पुडी हाडांसाठी घ्या, बीपीसाठी नको. आणि आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली तर कॅल्शियम वाढून बीपी उलट वर जातं.

---

वक्ररेषा

मग एमआरच तेवढा का चालला? ४८ पैकी एक?

---

नेफ्रॉन

कारण तो थेट मिठाच्या दारावर बसलाय. बाकीचे रिसेप्टर शंभर ठिकाणी शंभर कामं करतात, बीपी त्यांच्या कामाची उडती धूळ. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर बघा. कुशिंग आजारात (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढतं तो) तो मिफेप्रिस्टोनने अडवतात, अमेरिकेत २०१२पासून त्या आजारातल्या साखरेसाठी मान्यता आहे. रिसेप्टर अडला की मेंदूला वाटतं कॉर्टिसॉल कमी पडतंय, उत्पादन वाढतं, आणि वाढलेलं कॉर्टिसॉल त्या राखणदार एन्झाइमच्या डोक्यावरून उड्या मारत एमआरवर जाऊन बसतं. पोटॅशियम कोसळतं, बीपी चढतं. त्यावर उतारा? स्पायरोनोलॅक्टोन. शेवटी सगळे रस्ते त्याच पेशीपाशी येतात.

---

गोळीवाली

पुरुषांच्या तक्रारीवर यायला हवं. स्पायरोनोलॅक्टोन एमआरपुरतं थांबत नाही, अँड्रोजेन आणि प्रोजेस्टेरोनच्या रिसेप्टरनाही चिकटतं. रेल्समध्ये सुमारे दहापैकी एका पुरुषाला छातीत गाठ किंवा दुखणं झालं. बायकांत पाळी अनियमित. बरेच पुरुष हे सांगतच नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात आणि बीपी पुन्हा चढतं. तेव्हा सुरू करतानाच विचारून ठेवावं.

मग पर्याय एप्लेरेनोन, अमेरिकेत २००२पासून. एमआरवर नेमकं बसतं, छातीचा त्रास नगण्य. पण ताकद कमी आणि अर्धं आयुष्य चार ते सहा तास, म्हणून बीपीला ५० मिग्रॅ दिवसातून एकदा आणि गरज पडली तर दोनदा. शिवाय ते सीवायपी३ए४ या यकृतातल्या एन्झाइमने पचतं, आणि हे एन्झाइम अडवणारी औषधं त्याला चालत नाहीत: क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल सोबत चालत नाही. बीपीसाठी वापरताना मधुमेहासोबत लघवीत अल्ब्युमिन असेल, किंवा क्रिएटिनिन पुरुषांत २, बायकांत १.८च्या वर असेल तर अमेरिकी लेबलानुसार देऊच नये.

आणि एक: प्रोस्टेटच्या कर्करोगात अबिराटेरोन चालू असेल तर स्पायरोनोलॅक्टोन टाळतात. अबिराटेरोनमुळे एमआर चालू करणारे हार्मोन वाढतात, बीपी वाढतं, तिथे एमआर अडवायचा मोह होतो. पण स्पायरोनोलॅक्टोन अँड्रोजेनच्या रिसेप्टरला थोडं चालूही करू शकतं. तिथे एप्लेरेनोन.

---

वक्ररेषा

फिनरेनोनची हवा आहे सध्या. ते चौथी गोळी म्हणून चालेल का?

---

नेफ्रॉन

फिनरेनोनची पहिली मान्यता मधुमेहातल्या किडनीच्या आजारासाठी, अमेरिकेत जुलै २०२१मध्ये. ते स्टेरॉइड नाही, एमआरच्या खोबणीत वेगळ्या पद्धतीने बसतं, छातीचा त्रास नाही. पण मोठ्या अभ्यासांत वरचा आकडा दोन-तीनच खाली आला. किडनी आणि हृदय वाचवायला ते घ्या, १५०चं १३० करायला ते पुरणार नाही. सुरू करताना पोटॅशियम पाचपर्यंत, ईजीएफआर ६०च्या खाली असेल तर १० मिग्रॅ, वर असेल तर २०, चार आठवड्यांनी तपासणी.

बीपीसाठीच बनलेलं स्टेरॉइड नसलेलं औषध म्हणजे एसाक्सेरेनोन, जपानमध्ये २०१९पासून. २.५ ते ५ मिग्रॅ. तिथल्या अभ्यासात ते ५० मिग्रॅ एप्लेरेनोनच्या तोडीस तोड निघालं. ओसेड्युरेनोन नावाचं असंच एक किडनी बिघडलेल्या बीपीवाल्यांसाठी चाललं होतं, त्याचा मोठा अभ्यास २०२४मध्ये गुण दिसत नाही म्हणून थांबवला.

---

सीरमवाली

गोळी सुरू करण्याआधी एक गोष्ट राहते आणि नंतर पस्तावा होतो: अल्डोस्टेरोन-रेनिन गुणोत्तर. १९५५मध्ये जेरोम कॉन यांनी वर्णन केलेला आजार, ॲड्रीनल ग्रंथी स्वतःच्या मर्जीने अल्डोस्टेरोन बनवते. एका बाजूची गाठ असेल तर शस्त्रक्रियेने सुटका होऊ शकते. २०२५च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनात तर बीपी असलेल्या सगळ्यांचीच ही तपासणी सुचवली आहे. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं की रेनिन वर जातं, गुणोत्तर फसतं, आणि मग खात्रीसाठी निदान चार आठवडे गोळी बंद ठेवावी लागते. बीपी १८० असलेल्याची बंद कशी ठेवणार? म्हणून आधी रक्त, मग गोळी.

नमुना कसा: सकाळी उठून निदान दोन तास हिंडल्याफिरल्यावर, मग पाच ते पंधरा मिनिटं बसवून. पोटॅशियम आधी चारपर्यंत आणलेलं हवं, कमी पोटॅशियमने अल्डोस्टेरोन खोटं कमी दिसतं. आणि नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीत प्रोरेनिनचं (रेनिनच्या कच्च्या रूपाचं) रेनिन होतं आणि गुणोत्तर खोटं खाली येतं. बीटा ब्लॉकर रेनिन दाबतं, त्याने खोटं वर येतं. टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन तळाला असेल तर मात्र ती या आजाराची फार बोलकी खूण.

---

वक्ररेषा

शेवटची शंका. पंचविशीतली मुलगी, बीपी, पुढे मूल हवं आहे. स्पायरोनोलॅक्टोन?

---

नेफ्रॉन

नाही. अँड्रोजेनचा रिसेप्टर अडतो, मुलग्याच्या गर्भाच्या वाढीला धोका. गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा हीच. टेल्मिसार्टन-रामिप्रिलही बंद.

या वयात एक दुर्मीळ गोष्ट लक्षात असू द्या. २०००मध्ये एमआरचा एक बिघाड सापडला, ८१०व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन. त्या एका बदलाने प्रोजेस्टेरोन, जे एरवी एमआर अडवतं, तेच त्याला चालू करतं. विशीच्या आत बीपी, आणि गरोदरपणात प्रोजेस्टेरोन शंभर पट वाढलं की भयंकर. या लोकांत स्पायरोनोलॅक्टोनही एमआर चालूच करतं. गोळी दिल्यावर बीपी वाढलं आणि पोटॅशियम खाली गेलं तर हा विचार करायचा.

---

गोळीवाली

त्याच वयात गर्भनिरोधक गोळीतलं ड्रॉस्पिरेनोन तपासा. ते स्पायरोनोलॅक्टोनचंच नातलग, ३ मिग्रॅ म्हणजे एमआर अडवण्याच्या हिशेबात साधारण २५ मिग्रॅ स्पायरोनोलॅक्टोन. सोबत टेल्मिसार्टन असेल तर पोटॅशियम तपासायलाच हवं, आणि ही प्रिस्क्रिप्शनं बहुतेकदा दोन वेगळ्या डॉक्टरांची असतात.

---

आकडेमोड

छातीच्या त्रासाने बंद केलेल्या पुरुषांसाठी एप्लेरेनोनपेक्षा स्वस्त वाट म्हणजे अमिलोराइड. रिसेप्टर नाही, थेट ईनॅकचं दार बंद. पाथवे-२च्याच पुढच्या टप्प्यात १० ते २० मिग्रॅने स्पायरोनोलॅक्टोनइतकंच बीपी उतरलं. २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या अभ्यासातही ५ ते १० मिग्रॅ अमिलोराइड स्पायरोनोलॅक्टोनहून कमी पडलं नाही. पोटॅशियमचे नियम तेच.

---

गोळीवाली

@आकडेमोड, फक्त लेबल बघून. आपल्याकडे ते बहुधा जोडगोळीत येतं: ५ मिग्रॅ अमिलोराइडसोबत ५० मिग्रॅ हायड्रोक्लोरोथायझाइड. १० मिग्रॅसाठी दोन गोळ्या घेतल्या तर १०० मिग्रॅ थायझाइड पोटात गेलं, आणि क्लोरथॅलिडोन आधीच चालू असेल तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या खाली, १२०पर्यंत यायला आठवडा पुरतो. जोडगोळी द्यायची तर अर्धीने सुरुवात, आधीचं क्लोरथॅलिडोन बंद, आणि पहिल्या आठवड्याच्या रक्तात पोटॅशियमसोबत सोडियमही मागवायचं.